चार लाद्या

तिजोरी बंद पडलेल्या बियाण्यांच्या दुकानातली.
रंग शेवाळी, वजन साडेनऊशे पौंड,
दारावर हंस, त्याची मान अर्धी खरवडलेली.
राउहा कांगासनं ती दोनशे डॉलरला घेतली
आणि मला फोन केला: तुझ्याकडे पाइप असतील ना?
पाइप असतात. मी प्लंबर आहे.
कशाला हवी, ते विचारलं नाही.
हॅनकॉकमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं,
तिचा नातू केलब इस्पितळातून परत आलाय
आणि जिन्याखाली तिच्या नवऱ्याच्या पाच बंदुका आहेत.

मार्च महिना. दारापुढे कमरेइतका बर्फ,
त्यात फावड्यानं कापलेली वाट,
तिजोरीहून जेमतेम चार बोटं रुंद.
ट्रेवार्थनचा आजा तांब्याच्या खाणीत यंत्रं उतरवायचा,
म्हणून हुकूम सोडायचा हक्क त्याचा.
आधी दार काढा, तो म्हणाला, निम्मं वजन दारातच असतं.
दार बिजागरीतून उचललं
तसा आतून कोंदट, गोडसर वास आला
आणि एक वाटाणा घरंगळत गेला
कुणाच्या तरी बुटाखाली.

मग फळ्या, मग पाइप.
मागचा काढ, पुढे घाल,
मागचा काढ, पुढे घाल,
उंबऱ्यावर तर अर्धा तास गेला.
तळघरात यालमार एकटा,
दोन जॅक लावून तुळया पेलत बसलेला.
मधूनच ओरडायचा: बोलत राहा रे वर,
तुम्ही गप्प झालात की मला धडकी भरते.

उजव्या कोपऱ्याला केलब होता.
त्याला कुणी बोलावलं नव्हतं, नको असंही कुणी म्हटलं नाही.
जोर लावताना बाही वर सरकली,
मनगटावर इस्पितळाची प्लास्टिकची पट्टी अजून तशीच.
आम्ही सगळे एकदम पाइपांकडे बघायला लागलो.

भिंतीशी येऊन अडलं.
पाइप ओढून काढायला जागा नाही,
उचलून टेकवावी तर बोटं चेचणार.
ट्रेवार्थनचा आजाही इथे कामाला येईना.
तळ्यावर जा, राउहा म्हणाली,
माझ्या माहेरी पियानो असाच बसवला होता.

केलब ढकलगाडी आणि करवत घेऊन गेला,
बर्फाच्या चार लाद्या कापून आणल्या,
एकीत लव्हाळ्याची काडी गोठलेली.
त्या खाली सरकवल्या, पाइप काढले,
आणि त्यानं तळहात टेकवून नुसता रेटा दिला.
गेली.
दाराविना का होईना, तीन माणसांचं वजन,
सरळ कोपऱ्यात. एका तळहातानं.
यालमार वर आला होता, त्याला ते पटेचना.

मग वाट बघणं.
थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात,
इथे तळंच थेंब थेंब होत होतं
स्वयंपाकघराच्या फरशीवर.
टॉवेल टाकायचे, पिळायचे, बादली मोरीत ओतायची,
कॉफी, वेलची घातलेला गोड पाव, पुन्हा टॉवेल.
ट्रेवार्थन खुर्चीतच घोरायला लागला.
रात्री दोनच्या सुमारास कपाटातल्या बश्या
एकदाच किणकिणल्या.
टेकली, यालमार म्हणाला.

दार चढवलं. चार बोल्ट जमिनीत गेले.
राउहानं बंदुका आणल्या, एकेक,
नळी खाली धरून, नवऱ्यानं शिकवल्याप्रमाणे.
आकड्यांची चकती फिरवायला ती वाकली,
तेव्हा केलब म्हणाला, थांब आजी.
मी बाहेर जातो.

नाड्या न बांधताच बुटात पाय घातले.
खिडकीतून दिसत होता:
कापलेल्या वाटेत, घराकडे पाठ,
चकतीची टिकटिक तिथवर जाणं शक्यच नाही
तरी दोन्ही कानांवर हात.

आम्हीही तोंडं फिरवली.
मी पाइप मोजले. सात आणले होते, सहा भरले.
पुन्हा मोजले.

झालं, असं राउहा म्हणाली नाही.
तिनं फक्त काचेवर बोटानं टकटक केली.
तो आत आला, बूट आपटले,
टेबलाकडे बघत विचारलं, पाव उरलाय?

उरला होता.